विडी ओढता का, एवढंच विचारून कसं भागेल?

तिशी ओलांडलेल्या प्रत्येक माणसासाठी आशाताईंना एक फॉर्म भरावा लागतो. आरोग्य खात्यात त्याला सी-बॅक म्हणतात. मधुमेह, रक्तदाब, कर्करोग यांचा धोका कुणाला जास्त, हे चाळून काढायची ती सोय. वय किती, कंबर किती, रोज दारू घेता का, आठवड्याला १५० मिनिटं तरी व्यायाम होतो का, घरात आई-वडिलांना बीपी-शुगर होती का, आणि तंबाखू ओढता किंवा खाता का. प्रत्येक उत्तराला गुण असतात. बेरीज चारच्या वर गेली की तपासणीला आधी नंबर.

आता हा फॉर्म घेऊन सोलापूरच्या पूर्व भागात चला. अशोक चौक ओलांडून दत्तनगर, नीलमनगर, नाहीतर थेट विडी घरकुल. उंबऱ्याशी बाई मांडीवर सूप घेऊन बसलेली असते. सुपात एका कडेला तंबाखूची भुकटी, दुसऱ्या कडेला रात्री भिजवून, पत्र्याच्या मापावर कात्रीने कापलेली पानं, गुडघ्यापाशी दोऱ्याचं रीळ. पान उचलायचं, चिमूट टाकायची, वळायचं, टोक दुमडायचं, दोरा मारायचा. हिशेब हजाराचा. हजार भरले नाहीत तर संध्याकाळी चूल पेटवून झाल्यावर पुन्हा बसायचं.

तंबाखू ओढता? नाही. खाता? नाही. मिश्रीही लावत नसेल, तर या बाईला तंबाखूच्या रकान्यात शून्य गुण. दिवसाचे आठ-दहा तास जिची बोटं, नाक आणि श्वास तंबाखूत आहे, ती बाई तंबाखूच्या बाबतीत बिनधोक ठरते. त्याच फॉर्मच्या पुढच्या भागात धूर-धुळीच्या कामाचा प्रश्न आहे, नाही असं नाही. पण उदाहरण म्हणून तिथे वीटभट्टी आणि काचेचे कारखाने दिलेत. विडीचं नाव नाही. विचारणाऱ्याला सुचलं तर तो खूण करतो, नाही सुचलं तर पुढच्या घरी जातो.

यात मी दिल्लीला दोष देत नाही. देशभरासाठी एकच कागद काढायचा तर तो असाच निघणार. दिल्लीला सोलापूर माहीत नसेल, पण सोलापूरला तर सोलापूर माहीत आहे! मग इथल्या प्रत्येक वस्तीच्या आरोग्याच्या गरजा ठरवताना त्या कागदाला चार प्रश्न आपण का जोडत नाही? आणि ते चार प्रश्न कोणते, हे ठरवायला मांडीवर सूप घेऊन बसणारी बाई का नसते? माझा मुद्दा एवढाच आहे. लोकांना विचारायला हवं, हे आता सगळेच म्हणतात. काय विचारायचं हे ठरवतानाच वस्तीतली माणसं बसली पाहिजेत, आणि निघालेली उत्तरं पैसा वाटायच्या आधी त्यांच्यापुढे आली पाहिजेत. सगळं ठरून गेल्यावर बॅनरखाली टाळ्या वाजवायला बोलावणं, याला मी सहभाग मानत नाही.

हे काही नवं खूळ नव्हे. सप्टेंबर १९७८ मध्ये तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या अल्मा-आटा इथे १३४ देशांनी मिळून जाहीर केलं की आपल्या आरोग्यसेवेचं नियोजन करण्यात भाग घेणं हा लोकांचा हक्क आहे आणि कर्तव्यही. त्या यादीत भारतही होता. २०१३ साली राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियान आलं. त्यात झोपडपट्टीतल्या ५० ते १०० घरांमागे एक महिला आरोग्य समिती, तिच्यात दहा-बारा बायका, आणि वर्षाला ५,००० रुपये, जे समितीने आपल्या अकलेने वापरायचे, अशी तरतूद झाली. त्याआधी २००९ मध्ये महाराष्ट्राने महापालिका कायद्यात क्षेत्रसभा आणली. गावात ग्रामसभा तशी शहरात मतदान केंद्रांच्या पातळीवर सभा. तुम्ही तुमच्या क्षेत्रसभेला शेवटचे कधी गेला होतात, हे मी विचारत नाही. आपण सगळेच एका नावेत आहोत.

ग्रामीण महाराष्ट्रात मात्र एक प्रयोग खरोखर झाला. २००७ पासून पुणे, ठाणे, नंदुरबार, अमरावती आणि तेव्हाचा उस्मानाबाद अशा पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेखीचं काम सुरू झालं. गावकऱ्यांनी आपल्या उपकेंद्राचं, आरोग्य केंद्राचं प्रगतिपुस्तक भरायचं. चांगलं असेल तर हिरवा रंग, बरं असेल तर पिवळा, वाईट असेल तर लाल. मग जनसुनवाई, म्हणजे अधिकाऱ्यांसमोर भर मांडवात ते वाचून दाखवायचं. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसालाही लाल रंग कळतो आणि साहेबालाही कळतो, ही त्यातली खरी गंमत. पण हे सगळं गावासाठी. शहरातल्या माणसाच्या वाट्याला टोल-फ्री नंबर आला.

सोलापुरात तर त्यावर आणखी एक भर पडली. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. काही वर्षं या शहरात गटार तुंबली तरी सांगायला नगरसेवक नव्हता. तो असतानाही फार काही होत होतं अशातला भाग नाही, पण निदान ओरडायला एक दार तरी होतं.

पाण्याचं उदाहरण घेऊन बघू, कारण सोलापुरात कुठलाही विषय शेवटी पाण्यावर येतोच. उजनीचं पाणी शंभर किलोमीटरहून लांबून येतं आणि गेली कित्येक वर्षं शहराला ते चार-पाच दिवसांआड मिळत आलंय. उन्हाळ्यात अंतर आणखी वाढतं. ज्याच्या घरात जमिनीखाली हौद आणि गच्चीवर सिंटेक्स, त्याची गोष्ट निराळी. एका खोलीत सहा माणसं राहतात तिथे पाणी बॅरलात, पिंपात, घागरीत, पातेल्यात आणि वेळ पडली तर कुकरातही. डेंगीचा एडिस डास नेमक्या असल्याच साठवलेल्या स्वच्छ पाण्याच्या भांड्यात अंडी घालतो. अंड्यातून उडता डास बाहेर पडायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून दर पावसाळ्यात आपल्याला सांगितलं जातं की आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, सगळी भांडी रिकामी करा.

शास्त्र म्हणून या सल्ल्यात खोट काढायला जागा नाही. पण समजा पाणी शुक्रवारी पहाटे तीनला आलं, बाईनं झोपमोड करून दोन बॅरलं भरली, आणि कोरडा दिवस ठरलाय शनिवारचा. मग काय, भरलेलं बॅरल गटारीत ओतायचं? ओतत नाही कुणी. ओतणारही नाही. मग तपासणीवाले येतात, बॅटरी मारून बॅरलात बघतात, अळ्या दिसल्या की चार शब्द सुनावतात आणि अॅबेट या अळीनाशकाचे थेंब टाकून पुढे जातात. त्यांची पाठ वळली की घरात वाद सुरू होतो, हे पाणी प्यायचं का सांडायचं. लोकांमध्ये जागृती नाही, असा शेरा मारून खातं मोकळं होतं.

हीच गोष्ट गल्लीतल्या चार बायकांपुढे ठेवली तर पहिल्या पाच मिनिटांत कळतं की बॅरल खाली होतं ते पाण्याच्या पाळीच्या आदल्या रात्री. घासायचं तर तेव्हाच. एरवी तळाशी कळशीभर पाणी राहतं आणि त्याच्यावरच नवं भरलं जातं, म्हणून अळ्यांचा मुक्काम लांबतो. एडिसची अंडी भांड्याच्या आतल्या कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्महिने जिवंत राहतात, त्यामुळे नुसतं उपडं करून भागत नाही, ब्रशने घासावं लागतं, ही माहिती आरोग्य खात्याकडे आहे. कुठल्या गल्लीला कुठल्या दिवशी किती वाजता पाणी सुटतं, हे चावीवाल्याला आणि त्या बायकांना ठाऊक आहे. दोन्ही माहित्या एका टेबलावर आल्या, तर अख्ख्या शहराचा एकच कोरडा दिवस कशाला हवा? प्रत्येक भागाचा त्याच्या पाळीप्रमाणे ठेवता येतो. आदल्या संध्याकाळी घंटागाडीच्या भोंग्यावरून पुकारा केला की झालं. पाणीपुरवठा आणि आरोग्य ही दोन खाती एकाच इमारतीत असून एकमेकांना भेटत नाहीत. ती दोन्ही भेटतात ती बॅरलाशी उभ्या असलेल्या बाईच्या घरात, आणि तिला बैठकीचं बोलावणं नसतं.

यंत्रमागाचं तसंच. अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये चादरीचे जॅकार्ड चालू असताना दोन माणसं हाताच्या खुणांनी बोलतात. कायद्याने आठ तासांच्या पाळीत आवाज ९० डेसिबलच्या वर जाऊ नये. तो जातो, आणि पाळीही आठ तासांची नसते, बारा तासांची असते. आवाजाने येणारा बहिरेपणा मोठा लबाड असतो. आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात, बोलणं बऱ्यापैकी ऐकू येत राहतं, म्हणून माणसाला स्वतःला वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही. सर्वेक्षणात त्याला विचारा, ऐकू कमी येतं का? तो छातीठोकपणे नाही म्हणेल. तोच प्रश्न बायकोला विचारा. ती सांगेल की गेल्या दोन वर्षांत घरातल्या टीव्हीचा आवाज केवढा वाढलाय आणि पोरगी अभ्यासाला शेजारी का जाते. गिरण्यांच्या काळात पिंजणखात्यातल्या कामगारांचीही अशीच एक खूण होती. कापसाच्या धुळीने छाती भरायची ती नेमकी सुट्टीनंतर कामावर गेल्याच्या पहिल्या दिवशी. ‘दमा आहे का’ या प्रश्नाला ते नाही म्हणत, आणि ते खरंही होतं. ‘सुट्टीनंतरच्या दिवशी छाती आवळते का’ असं विचारणारा भेटला तरच त्यांचा आजार कागदावर यायचा. असा प्रश्न खुर्चीत बसून सुचत नाही, तो शेडमध्ये ऐकायला मिळतो.

भाषेचा मुद्दा सोलापुरात टाळताच येत नाही. पूर्व भागात घरातलं बोलणं तेलुगू, अक्कलकोटच्या बाजूने आलेल्यांचं कन्नड, शास्त्रीनगरात दखनी उर्दू, आणि बाजारात सगळ्यांचं मिळून सोलापुरी मराठी. आशाताई बहुधा त्याच वस्तीतली असते, म्हणून बाईनं ‘नडुमु नोप्पि’ म्हटलं तर कंबर दुखतेय हे तिला समजावून सांगावं लागत नाही. पण मोबाइलमधल्या अॅपला ते समजत नाही, आणि बैठकीतल्या साहेबांनाही नाही. सोलापुरात जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला गेले आणि तिथली भाषा शिकून तिथल्या रुग्णांशी, विद्यार्थ्यांशी त्या भाषेत बोलले. आपल्याला फक्त कन्ना चौकापर्यंत जायचंय.

आता यावर जे आक्षेप घेतले जातात, त्यांतले काही खरे आहेत आणि त्यांना उडवून लावण्यात अर्थ नाही.

पहिला आक्षेप डॉक्टर मंडळी घेतात: लोकांना आरोग्याचं विचारलं की ते गटारीचं सांगतात. अगदी खरं आहे. गटार, पाणी, दारूचं दुकान, संडासातला दिवा, मोकाट कुत्री. आरोग्याचं म्हणून कुणी काही बोलतच नाही. पण मला सांगा, यातलं कुठलं आरोग्याचं नाही? आपल्या करमाळ्याच्या शेजारी जामखेड आहे. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे जोडपं तिथे दवाखाना काढायला गेलं. दुष्काळी मुलूख. लोकांना विचारलं तर उत्तर आलं पाणी आणि अन्न. आरोळ्यांनी ते गैरलागू म्हणून बाजूला ठेवलं नाही. पाण्याची सोय आणि पोरांच्या पोटाची सोय हेच त्यांचं सुरुवातीचं वैद्यक झालं, आणि नंतर गावच्याच, बहुतेक निरक्षर बायकांना शिकवून त्यांनी आरोग्यसेविका केलं. जगभरातले सार्वजनिक आरोग्यवाले आजही जामखेड बघायला येतात. सोलापूरहून तिथे एसटीने जाता येतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा. लोकांना जे दुखतं ते लोक सांगतील, पण जे दुखत नाही त्याचं काय? रक्तदाब दुखत नाही. साखर बराच काळ दुखत नाही. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग सुरुवातीला काहीच बोलत नाही. वस्तीच्या यादीत हे आजार कधीच वर येणार नाहीत, आणि यादी मानून चाललो तर माणसं मरतील. मला हे मान्य आहे. म्हणूनच डॉक्टरला बाहेर काढून फक्त लोकांचं ऐका, असं मी म्हणत नाही. पण गडचिरोलीचं उदाहरण विसरू नका. डॉ. राणी बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते संशोधन आलं. ९२ टक्के स्त्रियांना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता आणि आधी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या ८ टक्के. त्या बायकांना दुखत नव्हतं का? चांगलं दुखत होतं. पांढरं जाणं, अंगावरून जाणं, ओटीपोट दुखणं, हे सगळं त्या आपापसात बोलत होत्या. विचारणाऱ्यांचं लक्ष तेव्हा गरोदरपण आणि कुटुंबनियोजन यांवर होतं, म्हणून तो आजार कुणाच्या हिशेबातच नव्हता. तेव्हा मुका आजार कुठला आणि ऐकणाराच बहिरा कुठे, हे आधी तपासावं लागतं.

तिसरा आक्षेप माझा स्वतःचाच आहे, आणि तो मला सगळ्यात जास्त छळतो. वस्ती म्हणजे कोण? सभा बोलावली की पुढच्या खुर्च्यांवर मंडळाचे अध्यक्ष, त्यांचे कार्यकर्ते, समाजाचे पंच आणि दोन निवृत्त मास्तर. यांतल्या कुणाबद्दल माझं वाईट मत नाही. पण गड्ड्याच्या, म्हणजे संक्रांतीतल्या सिद्धेश्वराच्या यात्रेच्या वेळी कमान कुठे लावायची हे ठरवणं वेगळं आणि बायकांचा संडास कुठे असावा हे ठरवणं वेगळं. विडीवाली बाई सकाळी ब्रँचला, म्हणजे विडी कारखान्याच्या शाखेत, विड्या टाकायला गेलेली असते. तिथे रांगेत उभं राहायचं, मोजून द्यायच्या, नापास झालेल्या बाजूला निघतात त्या सोसायच्या, दुसऱ्या दिवसाचं पान-तंबाखू घ्यायचं आणि घरी यायचं. अकराच्या सभेला ती येऊच शकत नाही. मागवाला रात्रपाळी करून झोपलेला असतो. जे येऊ शकतात त्यांचीच गरज मग वस्तीची गरज म्हणून लिहिली जाते, आणि हे न विचारण्यापेक्षा वाईट आहे, कारण आता त्यावर लोकसहभागाचा शिक्का असतो.

म्हणून वेळ आणि जागा हे किरकोळ तपशील नाहीत, काम तिथेच जिंकतं किंवा हरतं. दुपारी तीन-चारच्या सुमाराला, जिथे बायका सावलीला एकत्र बसून विड्या वळतातच, तिथे जाऊन बसायचं. हात चालू राहतात, तोंड मोकळं असतं. मागवाल्यांना त्यांच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी चहाच्या टपरीवर गाठायचं. बायकांचं पुरुषांपुढे बोलून होत नाही, म्हणून बैठक वेगळी घ्यायची. आणि ज्या दहा-बारा बायका हे काम अंगावर घेतील, नकाशा काढतील, घरोघरी फिरतील, त्यांना त्या दिवसाच्या हजार विड्यांची मजुरी द्यायची. यावर काही समाजसेवक नाराज होतात; पैसे दिले की लोकसहभागाचं पावित्र्य जातं म्हणे. डॉक्टर पगार घेऊन बैठकीला येतो, अधिकारी गाडीभाडं घेऊन येतो, मग ज्या बाईचा दिवस बुडाला की संध्याकाळचं तेल-मीठ बुडतं तिनेच तेवढं फुकट यावं, हा न्याय मला समजलेला नाही.

आशाताईंवरही हे सगळं लादू नका. त्यांच्याकडे आधीच लसीकरण, गरोदर बायका, टीबी, कुष्ठरोग, सी-बॅक, आयुष्मान कार्ड आणि दर महिन्याला निघणारं नवं अॅप आहे. त्या या कामातल्या महत्त्वाच्या साक्षीदार आहेत, हमाल नव्हेत.

आकडेवारी तर आहेच की, असंही कुणी म्हणेल. आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. राज्याला, जिल्ह्याला हा आरसा चांगला आहे. पण ते सर्वेक्षण जिल्ह्याच्या खाली उतरत नाही. जुळे सोलापूर आणि साखर पेठ त्यात एकाच सरासरीत विरघळतात, आणि त्यांच्यासोबत माळशिरसचा ऊसवाला आणि सांगोल्याचा डाळिंबवालाही. वस्तीचा आकडा वस्तीतच काढावा लागतो, दुसरा इलाज नाही.

या सगळ्याची कसोटी बघायची असेल तर कुंभारीला जा. २००६ मध्ये तिथे गोदूताई परुळेकर यांच्या नावाच्या वसाहतीत विडी कामगार बायकांना १०,००० घरं मिळाली. शेजारीच रे नगर उभं राहिलं, असंघटित कामगारांसाठी ३०,००० घरांचा प्रकल्प. त्यातल्या १५,००० घरांचं वाटप १९ जानेवारी २०२४ ला झालं. देशात इतक्या मोठ्या प्रमाणावर कामगारांनी लढून मिळवलेली घरं फार थोडी असतील, आणि त्याचं श्रेय ज्यांचं त्यांना द्यायलाच हवं. पण आरोग्याच्या नजरेने बघा. घरटी चार माणसं धरली तरी एकट्या रे नगरच्या १५,००० घरांची ६०,००० माणसं होतात. सपाट प्रदेशात ३०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असा सरकारचाच दंडक आहे. म्हणजे दोन केंद्रं तर हातच्या हिशेबाने लागतात. शिवाय ही माणसं कामाला शहरात, बाजाराला शहरात, ब्रँचला शहरात. राहायला मात्र दक्षिण सोलापूर तालुक्यात, महापालिकेच्या हद्दीबाहेर. महापालिका म्हणणार, आमच्या हद्दीत नाही. जिल्हा परिषदेचं खेड्यापुरतं बेतलेलं तंत्र या शहरी गर्दीला अपुरं.

अशा वसाहतीत आज जाऊन विचारलं तर बायका काय सांगतील? मी त्यांच्या वतीने सांगणार नाही, तसं केलं तर या लेखालाच हरताळ फासल्यासारखं होईल. पण कुठले प्रश्न निघू शकतात याचा अंदाज कुणालाही येतो. रात्री दोनला कळा सुरू झाल्या तर शिवाजी रुग्णालयापर्यंत, ज्याला आपण सगळे सिव्हिल म्हणतो, कशाने जायचं? रिक्षावाला किती मागतो? मे महिन्यात पारा ४३-४४ ला जातो तेव्हा त्या खोल्यांत म्हाताऱ्या माणसांनी दुपार कशी काढायची? विडीचं पान भिजवायलाही पाणी लागतं, ते प्यायच्या पाण्यातून काढायचं का? जुन्या पेठेत शेजारीण बाळंतिणीला तेल लावायला यायची. इथे सगळेच नवे, तर कोण येणार?

विचारायला माणसं नाहीत असंही नाही. डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालय १९६३ पासून आपल्या शहरात आहे. आता एमबीबीएसच्या पोरांना पहिल्या वर्षापासून खेड्यातली कुटुंबं दत्तक घेऊन त्यांच्याकडे जा-ये ठेवावी लागते, तसा अभ्यासक्रमच झालाय. कुंभारी कागदोपत्री खेडंच आहे. पोरांनी तिथली कुटुंबं घ्यावीत, पण पहिल्या भेटीत वजनकाटा आणि बीपीचं यंत्र पिशवीतच ठेवावं. आधी बाईकडून शिकावं की विडी कशी वळतात. दहा वळून झाल्यावर पाठ कुठे भरून येते ते पुस्तकात शोधावं लागणार नाही.

वेळापत्रकाबद्दल मात्र आग्रह धरायला हवा. महापालिकेचं अंदाजपत्रक मार्चच्या आगेमागे येतं, आरोग्य अभियानाचे वार्षिक आराखडे हिवाळ्यात बनतात. म्हणजे वस्तीत बसून प्रश्न ठरवायचे ते पावसाळ्यात, जेव्हा डेंगीही असते आणि तुंबलेली गटारही डोळ्यांसमोर असते. दिवाळीनंतर मोजणी, आणि संक्रांतीच्या आत, गड्डा भरायच्या आधी, निष्कर्ष चौकात. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू, ज्या गल्लीत जी भाषा चालते त्या भाषेत, मोठ्या अक्षरांत फलकावर. फलकाला तीन रकाने असावेत. पहिल्यात वस्तीने सांगितलेली गरज. दुसऱ्यात डॉक्टरांनी तपासून सांगितलेली, कारण वर म्हटल्याप्रमाणे त्या दोन याद्या वेगळ्या निघणार आणि वेगळ्या निघाल्या तरच दोघांनी बोलायला बसण्यात अर्थ आहे. तिसऱ्यात महापालिकेचं किंवा जिल्हा परिषदेचं उत्तर: करतो, अमुक महिन्यात करतो, पैसा नाही, किंवा आमच्या अखत्यारीत नाही. नकार चालेल, कारण लिहिलेला नकार निदान पुढच्या वर्षी पुढे करता येतो. तिसरा रकाना कोरा ठेवायची मुभा मात्र कुणालाच नसावी, आणि उत्तराखाली अधिकाऱ्याचं नाव आणि तारीख असावी.